अंडेताईची तवली

दुकानात तिला सगळे अंडेताई म्हणत. सुरुवातीला तिला राग यायचा. मग सवय झाली, आणि पुढे तर टेबलावरचा फोन वाजला की तीच ‘हो, अंडेताई बोलतेय’ म्हणायला लागली.

दुकान चार मजली होतं आणि भांडी तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून वर आलं की समोरच तिचं टेबल दिसायचं. टेबलावर गॅसची शेगडी, बर्फाची बादली, टोपलीत अंडी, बाजूला पाव आणि लोणी, आणि मध्ये ती काचेची भांडी. भांडी अशी की पाहिल्याबरोबर काहीच वाटू नये. ना वेलबुट्टी, ना सोनेरी कड. एक सरळ उभा कप, त्याला काचेचंच झाकण आणि झाकण घट्ट बसवायला पोलादी तारेचा चाप. कपात अंडं फोडायचं, लोणी-मीठ घालायचं, चाप लावायचा आणि कप उकळत्या पाण्यात उभा करायचा. पांढरं धरताना बाहेरून दिसतं. धरलं की कप उचलून थेट जेवणाच्या टेबलावर न्यायचा आणि त्यातूनच चमच्याने खायचं. दुसरं भांडं म्हणजे एक पसरट तवली, दोन्ही बाजूंना चपटे कान असलेली. ती सरळ आचेवर ठेवायची, अंडं तळायचं आणि तशीच वाढायची. ही भांडी ज्याने आखली त्याचं म्हणणं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं, की भांड्याने मध्ये मध्ये करू नये, माणसाला अंडं दिसू द्यावं.

गिऱ्हाइकाला मात्र हे म्हणणं पटायचं नाही. काच आणि तीही आचेवर, म्हणजे आ बैल मुझे मार, असाच सगळ्यांचा समज. तो समज मोडायचा म्हणून अंडेताईला नेमलं होतं. ती तवलीत अंडं तळायची, पावावर सरकवून समोरच्या कुणाच्या तरी हातात द्यायची आणि रिकामी तवली पुन्हा आचेवर ठेवायची. चांगली सणसणीत तापली की बर्फाच्या पाण्याचा डाव भरून तीत ओतायची. चर्र आवाज व्हायचा, वाफेचा लोट उठायचा, पुढच्या बायका मागच्यांच्या पायांवर पाय देत मागे सरायच्या. वाफ विरली की तवली जशीच्या तशी. मग ती चमच्याने टण्‌ करून तिच्यावर वाजवायची आणि म्हणायची, “माणसं तापली की फुटतात. ही तापते, फुटत नाही.” लोक हसायचे. तिला हे इतकं पाठ झालं होतं की घरी दूध उतू गेलं तरी तेच वाक्य तोंडात यायचं.

तळमजल्यावरच्या गोदामातून तिला लोणी-अंडी आणि विकायचा माल काढून द्यायचे ते गोदामकाका. सडपातळ, कमी बोलणारे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दुपारी दोघं गोदामातल्या खोक्यांवर बसून डबा खायची. काकांच्या डब्यातली भाजी अंडेताईच्या डब्यात, तिची काकांच्या डब्यात, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकदा काकांनी बाजारातून एक तवली आणून तिला दाखवली होती. तसाच आकार, तसेच कान. काका म्हणाले होते की बघा, नक्कल किती हुबेहूब करतात, आपल्याला तळाचा शिक्का बघितल्याशिवाय कळायचं नाही. तिने हातात घेऊन परत दिली होती आणि म्हणाली होती की मला तर डोळे मिटूनही कळेल.

प्रात्यक्षिकाची भांडी ती रोज घरी घेऊन जायची. दुकानातलं पाणी जड, त्याने काचेवर पांढरे डाग पडत, आणि डागाळलेली काच कोण विकत घेणार? म्हणून घरी सोडा लावून धुवायची, मऊ फडक्याने पुसायची आणि कापूस घातलेल्या पेटीत ठेवायची. त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता.

घरात माणसं तीनच. ती, नवरा आणि सासूबाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आला की त्याला बोलायला नको असायचं. सासूबाईंनी उभा जन्म दवाखान्यांचे गणवेश शिवण्यात घालवला होता. त्यांच्या अंगठ्याचं बोंड सुया टोचून टोचून जोड्याच्या तळव्यासारखं झालं होतं. शब्दही त्या कापड बेतून कापावं तसे वापरायच्या. पेटी पहिल्यांदा घरात आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, काचेत शिजवायचं आणि काच फुटली की काच खायची, नको ग बाई. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. दोघी एकमेकींच्या वाटेतून बाजूला व्हायच्या, इतकंच.

त्या दिवशी आठवड्याच्या सुट्टीनंतर ती दुकानात आली. गर्दी चांगली होती. नव्याने संसार मांडणारी दोन जोडपी होती, एक जाडगेले गृहस्थ होते ते प्रत्येक गोष्टीला ‘बघू या, बघू या’ म्हणत होते. तिने पेटी उघडली, तवली काढली. हाताला जराशी जड लागली. तिला वाटलं, मनगट आखडलंय. काठावर उजेड पडला तेव्हा त्यात किंचित हिरवट झाक दिसली असावी, पण ते तिला पुढे आठवलं. त्या वेळी तिने पाहूनही पाहिलं नाही. अंडं थोडं चिकटलं. तिने लोण्याचा आणखी एक खडा टाकला.

तवली दुसऱ्यांदा तापत असताना तिची नजर वर गेली आणि गर्दीत तिला सासूबाई दिसल्या.

त्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. छातीशी कापडी पिशवी घट्ट धरून, दोन माणसांच्या मधून वाट काढत त्या पुढे येत होत्या. जिना चढून दम लागला होता, तोंड अर्धं उघडं होतं. अंडेताईला आधी नवल वाटलं आणि मग, खरं सांगायचं तर, आनंद झाला. इतक्या वर्षांनी का होईना, आई आपलं काम पाहायला आल्या. ती त्यांच्याकडे पाहून हसली. सासूबाई अगदी पुढे आल्या, टेबलाच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी एक हात वर केला. तिला वाटलं, ओळख दाखवतायत. तिने डाव भरला, रोजच्यापेक्षा वर उचलला, जरा झोकात, आणि पाणी ओतलं.

चर्र आवाज झालाच नाही. वरून ट्यूबलाइट खाली पडावी तसा फटकन आवाज झाला. सगळीकडे मिठासारखी काच उडाली. शेगडी विझली. पावावर, लोण्यावर, जाडगेल्या गृहस्थांच्या कोटावर, सगळीकडे बारीक बारीक खडे चमकत होते. क्षणभर कुणी हललं नाही. आणि त्या शांततेत अंडेताईच्या तोंडून, सवयीने, रोजच्याच आवाजात शब्द बाहेर पडले, “ही तापते, फुटत नाही.”

ते आपणच बोललो हे तिला कळायला वेळ लागला. डाव अजून हातात होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. समोर सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यावर हात धरला होता आणि बोटांच्या फटींतून रक्त पिशवीवर पडत होतं. त्या ओरडल्या नाहीत. दुसऱ्या डोळ्याने त्या सुनेकडे पाहत होत्या. त्या नजरेत दुखणं नव्हतं, वेगळंच काहीतरी होतं. पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही.

डोळा थोडक्यात वाचला. काच भुवईत घुसली होती. डॉक्टरांनी टाके घातले, पट्टी बांधली आणि म्हणाले की बोटभर खाली असती तर आपण वेगळं काहीतरी बोलत असतो. इतर कुणाला ओरखड्यापलीकडे लागलं नव्हतं. घरी परतताना नवऱ्याने विचारलं, तू दुकानात कशाला गेली होतीस? त्या म्हणाल्या, गेले सहज. त्यांना धक्का बसलाय असं म्हणून त्याने पुढे विचारलं नाही.

धक्का अंडेताईला बसला होता. रडू येत नव्हतं, पण स्वयंपाकघरात गॅस पेटवायला काडी ओढली की ती तशीच धरून उभी राहायची आणि काडी बोटांपर्यंत जळत यायची. इतक्या लोकांना आपण शपथेवर सांगितलं, ही फुटत नाही. किती घरांत आज या क्षणी अशी तवली आचेवर असेल, समोर कुणाचं पोर टाचा उंचावून बघत असेल. चहा नवऱ्याने केला, स्वयंपाकही त्यानेच कसाबसा उरकला.

दोन दिवसांनी मॅनेजरने तिला बोलावलं. त्याच्या खोलीत कंपनीचा माणूस बसला होता. काचेचे तुकडे त्याने कागदावर पसरले होते. त्यातला तवलीचा एक कान सबंध राहिला होता. तो त्याने चिमट्यात धरून खिडकीकडे केला आणि तिला बघायला सांगितलं. कड हिरवी होती, बाटलीच्या बुडासारखी. कंपनीचा माणूस म्हणाला की आमच्या काचेला रंग नसतो, आणि आमची काच फुटलीच तर तिचे चार-सहा मोठे तुकडे होतात, असा भुगा होत नाही. ही साधी काच आहे, वरून कडक केलेली. तळाला शिक्काही नाही. थोडक्यात, ही तवली आमची नाही.

अंडेताई त्या हिरव्या कडेकडे बघत राहिली. आधी तिच्या छातीवरचा दगड उतरला. आपण लोकांना खोटं सांगितलेलं नव्हतं. आणि दगड उतरल्याबरोबर तिथे संताप उसळला. म्हणजे कुणीतरी बदलली. कुणीतरी खरी काढून घेतली आणि तिच्या जागी खोटी ठेवली, आणि त्यापायी तिच्या सासूचा डोळा जात होता. कोणी? पेटी तिच्या हातात असायची. नाही म्हणायला दुपारी डबा खाताना ती गोदामात ठेवलेली असायची. नक्कल बाजारात कुठे मिळते हे कुणाला ठाऊक होतं? आणून कुणी दाखवली होती? दोन आणि दोन चार व्हायला कितीसा वेळ लागतो. चार होण्याऐवजी पाच होतायत हे बघायला मात्र थांबावं लागतं, आणि ती थांबली नाही.

“गोदामकाका,” ती म्हणाली. “त्यांनीच केलंय हे. अशी तवली त्यांच्याकडे होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय.”

मॅनेजरने काकांना वर बोलावलं. काका दारात उभे राहिले. मॅनेजरने विचारलं तेव्हा त्यांनी कबूल केलं की नकली तवली एकदा आणली होती, दाखवायला आणली होती, ती आता कुठे आहे ते आठवत नाही, बहुतेक घरी असेल. प्रत्येक वाक्यागणिक त्यांची बाजू लंगडी पडत होती. मग त्यांनी अंडेताईकडे पाहिलं.

“ताई, मी?” ते म्हणाले.

तिने मान दुसरीकडे फिरवली. काकांनी कमरेचा जुडगा सोडवला, मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि ते खाली उतरून गेले.

घरी आली तेव्हा उन्हं खिडकीतून आत आली होती. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. तिने हात धुतले, औषधाची बाटली घेतली आणि पट्टी बदलायला त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिला बोलावंसं वाटत होतं. कापूस लावता लावता तिने सगळं सांगितलं: हिरवी कड, शिक्का, काका, किल्ल्या. म्हणाली, आई, मला आधीच कळायला हवं होतं, घरचा भेदी निघाला बघा. सासूबाई ऐकत होत्या. ती नवी पट्टी चिकटवणार तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं.

“त्या माणसाने काही केलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला काय माहीत, आई?”

“मीच ठेवली ती पेटीत.”

अंडेताईला ऐकू आलं, पण समजलं नाही. सासूबाईंना भ्रम झाला असावा असंही तिला क्षणभर वाटलं. मग त्या बोलू लागल्या. उभ्या जन्मात त्या इतकं सलग बोलल्या नसतील.

सुट्टीच्या दिवशी सून बाजारहाट करायला बाहेर पडली की त्या पेटी उघडायच्या. आजची गोष्ट नव्हे, कित्येक वर्षं. एक अंडं घ्यायचं, कधी कपात, कधी तवलीत, आणि शेगडीपाशी स्टूल ओढून बसायचं. खायचं म्हणून नव्हे. बघायचं म्हणून. आधी काठाशी पांढरं धरतं, मग ते हळूहळू आत सरकतं, कापडावर पाणी पसरावं तसं, पण उलट, कडेकडून मधे. पिवळ्यावर शेवटी पातळ साय येते. सगळं आरपार दिसतं, खालूनसुद्धा. जन्मभर त्यांनी अंडी शिजवली, नवऱ्याला, मुलाला, पण पत्र्याच्या पातेल्यात काय होतं ते कधी दिसलं नव्हतं. बघायला फुरसतही नव्हती. मग त्या धुऊन, पुसून, सुनेने ठेवली होती तशी कापसात ठेवून द्यायच्या. सुनेला कधी पत्ता लागला नाही, इतक्या बेताने.

गेल्या सुट्टीला मोरीत धुताना तवली हातातून निसटली. त्यांच्या अंगठ्याला आता कशाचा स्पर्शच नीट कळत नाही. खालच्या दगडावर पडून दोन तुकडे झाले. त्याच पावली त्या बाजारात गेल्या, आणि तिथे अगदी तशीच तवली मिळाली. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला की मावशी, तीच आहे, फक्त नाव वेगळं. त्यांनी आणली, कापसात ठेवली. दुसऱ्या दिवशी सून पेटी घेऊन गेली आणि त्या निवांत शिवणाला बसल्या. बसल्यावर त्यांना बर्फ आठवला. घरात त्या नुसतं अंडं शिजवायच्या. दुकानात सून त्यात बर्फाचं पाणी ओतते हे त्यांनी शेजारणीकडून ऐकलं होतं. ते आठवलं आणि सुई तशीच कापडात टोचून त्या उठल्या, बस पकडली, जिना चढल्या.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” अंडेताई म्हणाली. “माझ्यासमोर उभ्या होतात. हात वर केलात. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं.”

सासूबाईंनी तिचं मनगट सोडलं.

“आला होता शब्द तोंडाशी. पण तू माझ्याकडे बघून हसलीस. तशी तू माझ्याकडे बघून कधी हसली नव्हतीस ग. मला वाटलं, आत्ता नको. आत्ता एवढ्यात नको.”

अंडेताई स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली. ओरडावं की काय करावं तिला कळेना. समोर त्यांच्या भुवईवर काळ्या दोऱ्याचे टाके होते, त्यांच्याच हाताने घातल्यासारखे एकसारखे. डोळ्यासमोर मात्र काकांचा चेहरा येत होता. ताई, मी? आणि आपण मान फिरवली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी नाव विचारलंही नव्हतं. आपण स्वतःहून, स्पष्ट आवाजात, एका माणसाचं नाव घेतलं. काच चार लोकांच्या अंगावर उडाली त्यात तिची चूक नव्हती. काकांवर जे उडालं ते तिने हाताने उडवलं होतं.

नवरा आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या, पट्टी अजून लावायची राहिली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की झालं ते झालं, आता उकरून काढू नका. तुझी नोकरी जाईल, आईची शोभा होईल. त्या काकांचं वय झालंय, ते असेही थोडेच दिवस नोकरीत होते. तो हे दुष्टपणाने म्हणाला नाही, लिफ्ट का अडकली ते सांगावं तसं म्हणाला. अंडेताई त्याच्याकडे बघत राहिली. तिला हादरा त्याच्या बोलण्याचा बसला नाही. हेच आपल्याही मनात, अगदी असंच, आत्ता थोड्या वेळापूर्वी येऊन गेलं होतं, त्याचा बसला.

सासूबाई म्हणाल्या, “माझं लुगडं काढ ते धुतलेलं. सकाळी जायचंय दुकानात.”

मॅनेजरला आधी हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं की चोरी झाल्याचं कंपनीला त्याने तावातावाने कळवून टाकलंय, आणि तो वैतागला. चोरी नाही, कारस्थान नाही. एका म्हातारीला अंडं बघायचं होतं, हे तो आता कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगणार? सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी माफी मागितली, ती एकदाच. भरपाई सुनेकडून नको, माझ्याकडून घ्या, मी अजून शिवते, असंही म्हणाल्या. मॅनेजर म्हणाला, ते राहू द्या आजी. अंडेताईला त्याने पुढचं कळवेपर्यंत घरी बसायला सांगितलं. काकांना निरोप पाठवतो म्हणाला. ती म्हणाली, निरोप नको, मी जाते.

काका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहत. दार त्यांच्या बायकोने उघडलं. अंडेताई कोण हे तिला सांगावं लागलं नाही. ती बाजूला झाली. काका जमिनीवर बसून जुन्या घड्याळाचं पाठचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उघडत होते. शेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर, ती नकली तवली होती. तीत खिळे आणि स्क्रू ठेवलेले होते. ती शोधून त्यांनी मुद्दाम तिथे ठेवली होती की पहिल्यापासून तिथेच होती, हे तिने विचारलं नाही.

ती उभ्यानेच सगळं बोलली. काका घड्याळावरून नजर न काढता ऐकत राहिले. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्या सासूबाईंचा डोळा कसा आहे?”

“बरा आहे. दिसतंय.”

“बरं झालं.”

खालून सायकलीच्या चाकात हवा भरण्याचा आवाज येत होता.

“चोर म्हणालात त्याचं एवढं नाही, ताई,” काका म्हणाले. “चोर कुणीही कुणालाही म्हणतं. पण इतकी वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं आपण. आधी मला येऊन विचारायचं होतंत.”

काकांच्या बायकोने पाण्याचा पेला आणून समोर ठेवला. तो तिने उचलला आणि प्यायचं विसरून तसाच परत ठेवला.

काका कामावर परत आले. येणार नाहीत असं तिला वाटलं होतं, पण ते आले, जुडगा कमरेला लावला आणि कामाला लागले. अंडेताईचं घरी बसणं मात्र लांबलं. त्या दिवसांत सासू-सून बोलल्या असतील नसतील. राग होता, तो होताच. सून भाजी चिरायची, सासू शिवायच्या, आणि मधेच कधी सून सुरी ठेवून म्हणायची, एकदा मला सांगितलं असतंत तर मी तुम्हाला रोज करून दाखवलं असतं. सासूबाई म्हणायच्या, हो. एवढंच. टाके निघाले. भुवई मधोमध दुभंगली ती कायमची, आणि त्यामुळे त्या नेहमीच काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारख्या दिसू लागल्या.

शेवटी मॅनेजरने बोलावलं. तवल्या खपत नव्हत्या. लोक येऊन विचारायचे, इथे काच फुटली ती हीच का? त्याने तिला दोन गोष्टी बजावल्या. भांडी यापुढे घरी न्यायची नाहीत, रात्री ती गोदामात राहतील. आणि प्रात्यक्षिक बर्फासकट करायचं, नाहीतर लोकांचा विश्वास बसणार नाही.

पहिल्या दिवशी लोक टेबलापासून चार हात लांब उभे राहिले. तिने तवली उपडी करून तळाचा शिक्का सगळ्यांना दाखवला, मग स्वतः पाहिला, मग पुन्हा दाखवला. अंडं तळलं. पाव घ्यायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून तो बाजूला ठेवून दिला. तवली तापली. तिने डाव भरला आणि हात तिथेच थांबला. हात तिचाच होता, पण ऐकत नव्हता. डावातलं पाणी हिंदकळत होतं, त्याचे थेंब आचेवर पडून फुसफुसत होते. मागून कुणीतरी म्हणालं, राहू द्या हो ताई, घेतो आम्ही तशीच. तिने डोळे मिटले आणि ओतलं.

चर्र झालं. वाफ तोंडावर आली. तिने डोळे उघडले तेव्हा तवली तिथेच होती, आणि पाणी तीत उकळत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. नेहमीचं वाक्य तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं. चमचाही वाजवला नाही. नुसतं म्हणाली, “बघा,” आणि तवली पुसायला घेतली.

तवल्या पुन्हा खपू लागल्या. पहिल्यासारख्या नाही, पण खपू लागल्या. दुपारी ती टेबलामागेच डबा खायची. गोदामात जायचं तिने सोडलं होतं, आणि या म्हणून तिला कुणी बोलावलंही नव्हतं.

रोज सकाळी मात्र तिला खाली उतरावंच लागे. काका फळीवरून पेटी काढायचे, टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “तपासून घ्या.” आवाजात राग नसायचा, टोमणाही नसायचा. तो दुकानाचा नियम होता. ती एकेक भांडं उचलून उपडं करायची, शिक्का बघायची, कड उजेडाकडे धरायची, आणि काका तोवर दुसरीकडे बघत उभे असायचे.

एकदा गोदामात नवा माल उतरत होता, काका गडबडीत होते. पेटी ठेवली आणि ते बोलायचं विसरले. तिने तरीही तवली काढली आणि उपडी केली. काकांच्या ते लक्षात आलं. हातातलं खोकं त्यांनी खाली ठेवलं आणि तिचं बघून होईपर्यंत ते थांबले.